साचलेल्या पाण्यातून चालत घरी आलो. पायाला जखम नाही, तरी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराची) गोळी घ्यावी का?

हो, जखम दिसत नसली तरी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि तीही ७२ तासांच्या आत. लेप्टोचे जंतू उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून पाण्यात येतात. त्यांना शिरायला मोठी जखम लागतच नाही. चपलेच्या पट्ट्याने सोललेली कातडी, टाचेची भेग, बोटांमधल्या चिखल्या पुरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, आणि ७२ तासांचा हा सल्ला महापालिका पावसाळ्यात देत असते. एकदाच पाण्यातून गेलेल्या प्रौढाला साधारणपणे डॉक्सिसायक्लिन २०० मिग्रॅ एकदाच देतात. वारंवार पाण्यात उतरणाऱ्यांचा डोस वेगळा. गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, घशाखाली अडकली तर अन्ननलिका चांगलीच जळते. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांना मात्र ही गोळी नको, त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरं औषध लिहून देतात.

फक्त गोळी घेतली म्हणून निर्धास्त राहू नका. लक्षणं बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात: ताप, पोटऱ्यांत सणकून दुखणं, डोळे लाल होणं. असं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि पाण्यातून चाललो होतो हे न विचारता सांगा. कारण पहिल्या काही दिवसांत आयजीएम तपासणी (लेप्टोविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह येऊ शकते, आणि तेव्हा डॉक्टर तुमच्या या माहितीवरच उपचार सुरू करतात.