हिरानोचे ९१.७५ : गुण नेमके कुठे कापले गेले?

आपण लिहिले आहे की, सोलापुरात मल्लखांब शिकणाऱ्या आपल्या मुलासोबत आपण २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधील पुरुषांच्या स्नोबोर्ड हाफपाइप अंतिम सामन्याची चित्रफीत पाहिली, आणि जपानच्या आयुमु हिरानोला दुसऱ्या फेरीत ९१.७५ गुण मिळाल्यावर मुलाने विचारले, "पप्पा, ह्याचं चुकलं कुठं?" आपल्याला उत्तर देता आले नाही. पंचांनी पक्षपात केला का, आणि ज्या खेळात फूटपट्टी लावता येत नाही त्यातील गुणांवर विश्वास का ठेवावा, असे आपले दोन प्रश्न आहेत. मी सोलापुरात अनेक वर्षे मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांना पंच म्हणून बसत आलो आहे. बर्फावर पंचाचे काम मी केलेले नाही. परंतु ११ फेब्रुवारी २०२२ च्या सकाळी सातपासून तो सामना मी थेट पाहिला आणि नंतर अनेकदा थांबवून थांबवून पुन्हा पाहिला, कारण आपल्या मुलाचा प्रश्न तेव्हा मलाही पडला होता.

प्रथम खेळाविषयी थोडक्यात. हाफपाइप म्हणजे उतारावर बर्फ कापून केलेली लांब पन्हळ. मोठ्या स्पर्धांत तिच्या भिंती सुमारे २२ फूट उंच असतात. पायांना बांधलेल्या स्नोबोर्डवर, म्हणजे फळीवर, उभा राहून खेळाडू एका भिंतीवरून हवेत उसळतो, कसरत करतो, त्याच भिंतीवर उतरतो आणि समोरच्या भिंतीकडे जातो. एका फेरीत अशा साधारण पाच उड्या होतात. अंतिम सामन्यात प्रत्येकाला तीन फेऱ्या मिळतात आणि त्यांतील सर्वोत्तम एकच धरली जाते. बीजिंगमध्ये सहा पंच होते. प्रत्येकाने शंभरपैकी एकच आकडा द्यायचा, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा वगळायचा आणि उरलेल्या चार आकड्यांची सरासरी काढायची, अशी पद्धत होती. उंची, काठिण्य, विविधता, सफाई आणि खेळाला पुढे नेणारे नावीन्य या सर्वांचा विचार करून पंच तो आकडा ठरवतो. आकड्याची फोड तो कुठेही दाखवत नाही. माझ्या मते साऱ्या वादाचे मूळ या वाक्यात आहे.

आता ती दुसरी फेरी पाहू. हिरानोने पहिल्याच उडीत फ्रंटसाइड ट्रिपल कॉर्क १४४० केली, म्हणजे तिरक्या अक्षावर तीन वेळा उलटे होत चार पूर्ण गिरक्या, १४४० अंश. ऑलिंपिकमध्ये ही कसरत घेऊन संपूर्ण फेरी न पडता पूर्ण करणारा तो पहिलाच. त्यानंतर कॅब (सरावाच्या उलट उभे राहून घेतलेली) डबल कॉर्क १४४०, मग फ्रंटसाइड आणि बॅकसाइड (छातीच्या आणि पाठीच्या बाजूने गिरकी) अशा दोन डबल कॉर्क १२६०, म्हणजे साडेतीन गिरक्यांच्या, आणि शेवटी आणखी एक फ्रंटसाइड डबल कॉर्क १४४०. फलकावर आकडा आला ९१.७५, म्हणजे त्याच फेरीत ऑस्ट्रेलियाच्या स्कॉटी जेम्सने आधीच मिळवलेल्या ९२.५० पेक्षा कमी. अमेरिकी वाहिनीवर समालोचन करणारे टॉड रिचर्ड्स हे स्वतः १९९८ चे ऑलिंपिक स्नोबोर्डपटू. ते प्रक्षेपणातच संतापले, पंचांनी आपली विश्वासार्हता स्वतःच उडवून लावली असे म्हणाले, आणि या फेरीत गुण कुठे कापले ते मला दाखवा, असे आव्हान त्यांनी दिले. आपल्या मुलाचा प्रश्न आणि त्यांचा प्रश्न एकच आहे.

पक्षपाताचा आरोप प्रामुख्याने अमेरिकी पंचावर झाला, कारण त्यांनी ८९ दिले होते. सर्वाधिक आकडा ९६ होता. ८९ हा आकडा नियमाप्रमाणे वगळला गेला, मग त्याने काय बिघडले, असे अनेकांनी लिहिले. हा युक्तिवाद चुकीचा आहे आणि तो घरी कागदावर पडताळता येतो. उरलेल्या चार आकड्यांची सरासरी ९१.७५, म्हणजे बेरीज ३६७. जेम्सची बेरीज याच हिशेबाने ३७०. हिरानोला मागे ठेवणारा फरक चौघांत मिळून अवघा तीन गुणांचा होता. आता समजा, त्या एका पंचाने ८९ ऐवजी ९६ दिले असते. मग दोन ९६ पैकी एक वगळला गेला असता, दुसरा धरला गेला असता आणि त्या चौघांतील सर्वांत कमी आकडा बाहेर पडला असता. सरासरी ९१.७५ असताना तो सर्वांत कमी आकडा ९१ पेक्षा जास्त असू शकत नाही, कारण पंच पूर्णांकात गुण देतात. म्हणजे नवी बेरीज किमान ३७२ आणि गुण किमान ९३. हिरानो पुढे गेला असता. वगळलेला आकडा असा निरुपद्रवी नसतो. तो खाली बसून दुसऱ्या एखाद्या कमी आकड्याला आत राहू देतो.

याच गणिताची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. धरलेल्या चौघांपैकी निदान एकाने ९१ किंवा त्याहून कमी दिलेच होते. एकट्या पंचाने निकाल फिरवला, असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही, आणि पुरावा नसताना मी कोणालाही पक्षपाती म्हणणार नाही. जेम्सची फेरीही सामान्य नव्हती. स्विच बॅकसाइड १२६० ही त्याची कसरत अत्यंत अवघड समजली जाते, कारण त्यात पुढचा पाय मागे टाकून, सरावाच्या उलट उभे राहून, पाठीकडे आंधळेपणाने उडी घ्यावी लागते. एखाद्या पंचाने विविधतेला अधिक वजन दिले असेल, तर ते समर्थनीय आहे. परंतु तसे त्याने कुठे लिहिलेले नाही, आणि न लिहिलेले समर्थन बाहेरच्या माणसाने त्याच्या वतीने कल्पनेने रचायचे, ही पद्धत मला मान्य नाही.

आता पंचाच्या खुर्चीतून दिसणारी एक गोष्ट सांगतो. आकडा एकच द्यायचा असतो तेव्हा पंच नकळत कसरत मोजणे सोडून क्रम लावू लागतो. पुढे कोण येणार, त्याच्यासाठी वर जागा ठेवली पाहिजे, म्हणून आत्ता हात आखडता घेऊ, असे मनात सुरू होते. बीजिंगमध्ये दुसऱ्या फेरीत हिरानो सर्वांत शेवटी उतरला होता. त्यानंतर संपूर्ण तिसरी फेरी बाकी होती आणि जेम्सला आधीच ९२.५० दिलेले होते. शिडीच्या वरच्या पायऱ्या थोड्याच उरल्या होत्या. पंचांच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही, पण या परिस्थितीत मन कुठे ओढले जाते ते मला स्वतःच्या चुकीवरून पक्के माहीत आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका आंतरशालेय मल्लखांब स्पर्धेत मी पंच होतो. पूर्व भागातील एक मुलगा यादीत दुसरा होता. दसरंगाच्या पकडीने चढला, सुईदोरे या कसरती सफाईने घातल्या, बोंडावर, म्हणजे खांबाच्या टोकावर, पद्मासनात तोल धरला आणि उडी मारून उतरला. उतरताना डावा पाय अर्धा वीत सरकला, एवढेच. मी त्याला हात राखून गुण दिले, कारण यादीत अजून बरीच नावे होती. दुपारी जवळपास तोच संच, म्हणजे कसरतींची तीच मालिका, त्याहून थोडा कच्चा, आणखी एका मुलाने केला आणि मी त्याला अर्धा गुण जास्त दिला. निकालानंतर पहिल्या मुलाचे वडील त्याला घेऊन माझ्या टेबलाशी आले. यंत्रमागावरून थेट आले असावेत, सदऱ्यावर कापसाचे तूस होते. मुलाचे तळवे एरंडेलाने अजून चकाकत होते. आवाज न चढवता ते म्हणाले, "सर, टॉवेलात फॉल्ट निघाला तर मुकादम बोट ठेवून दाखवतो की, मगच मजुरी कापतो. पोराचं कुठं चुकलं तेवढं दाखवा की." माझ्या कागदावर बोट ठेवण्यासारखे काहीच नव्हते. एक आकडा होता. पाय सरकला होता असे मी म्हणालो, परंतु अर्धा वीत पायाचा अर्धा गुण होत नाही हे मलाही माहीत होते आणि, मला वाटते, त्यांनाही.

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, पक्षपात शोधण्याआधी हा रिकामा कागद पाहावा. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सच्या सर्व साधनांवरील वैयक्तिक स्पर्धेत कोरियाच्या यांग ते-यंगच्या समांतर बारवरील संचाचे प्रारंभिक मूल्य, म्हणजे संच निर्दोष झाल्यास मिळू शकणारे कमाल गुण, १० ऐवजी ९.९ धरले गेले. तो कांस्यपदकावर राहिला आणि सुवर्ण अमेरिकेच्या पॉल हॅमकडे गेले; दोघांत ०.०४९ गुणांचे अंतर होते. निकाल बदलला नाही, तीन पंच निलंबित झाले. अन्याय झालाच, पण चूक दशांश गुणापर्यंत नेमकी सापडली, कारण ते मूल्य कागदावर लिहिलेले होते. २००६ पासून जिम्नॅस्टिक्समध्ये काठिण्य आणि सफाई यांचे गुण वेगवेगळे लिहिले जातात. हिरानोच्या बाबतीत चूक झाली की नाही, हेसुद्धा आज कोणी सिद्ध करू शकत नाही.

फोड लिहिली म्हणजे सारे सुटले, असे मात्र नाही. त्याच बीजिंगमध्ये चार दिवस आधी स्लोपस्टाइल या, अडथळे आणि उड्या असलेल्या उतारावरच्या स्नोबोर्ड प्रकारात कॅनडाचा मॅक्स पॅरट ९०.९६ गुणांनी जिंकला आणि चीनचा सू यीमिंग ८८.७० वर दुसरा आला. पॅरटने एका उडीत हाताने बोर्ड पकडायला हवा होता, प्रत्यक्षात गुडघा पकडला. स्लोपस्टाइलमध्ये टप्प्याटप्प्याला वेगळे गुण असतात, तरीही ही चूक निसटली, कारण पंचांना मिळालेल्या कॅमेऱ्याच्या कोनातून ती दिसत नव्हती. मुख्य पंच इझटोक शुमाटिच यांनी नंतर एका मुलाखतीत हे उघडपणे मान्य केले. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. चूक मान्य करणारा मुख्य पंच फार दुर्मीळ असतो.

स्नोबोर्डिंगमधील अनेक जुन्या मंडळींचा जिम्नॅस्टिक्ससारख्या तक्त्याला विरोध आहे आणि तो मी समजू शकतो. प्रत्येक कसरतीला ठरावीक किंमत लावली की सगळे त्याच चार महागड्या कसरती करतील आणि ज्याला ते शैली म्हणतात, हवेतील तो ठहराव, ती पकड, ते नाहीसे होईल, अशी त्यांची भीती आहे. स्वतःचा खेळ दुसऱ्याच्या साच्यात बसवू न देण्याची त्यांची वृत्ती जुनी आहे. १९९८ मध्ये जपानमधील नागानोला हाफपाइप प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा नॉर्वेच्या टेर्ये हाकोन्सेनने पात्रतेचा कारभार स्कीइंगच्या महासंघाकडे दिल्याच्या निषेधार्थ स्पर्धेवरच बहिष्कार घातला होता. परंतु मी किमतींचा तक्ता मागत नाही. पंचाने त्याच्या एका आकड्यासोबत चार ओळींची टिपण द्यावी, कोणत्या उडीत काय कमी वाटले ते नोंदवावे आणि ती टिपण स्पर्धेनंतर खेळाडूला पाहायला मिळावी, एवढेच माझे म्हणणे आहे. शैलीचे गुण द्यायचे असतील तर द्यावेत, पण "शैलीचे" असे लिहून द्यावेत. हे लोक गंमत म्हणून हवेत उडत नाहीत. २०१७ च्या मार्चमध्ये याच हिरानोला स्पर्धेत पडून यकृताला आणि गुडघ्याच्या अस्थिबंधाला मार बसला होता. इतका धोका पत्करणाऱ्याला कारण विचारण्याचा हक्क आहे.

दुसऱ्या प्रश्नाविषयी. फूटपट्टी नाही म्हणून गुण खोटे ठरत नाहीत. हिरानोने तिसऱ्या फेरीत, सामन्याच्या अगदी शेवटच्या उतारावर, त्याच पाच कसरती अधिक सफाईने केल्या आणि ९६ गुण मिळवून सुवर्ण जिंकले. जेम्सला रौप्य, स्वित्झर्लंडच्या यान शेररला ८७.२५ वर कांस्य, आणि शेवटची स्पर्धा खेळणारा अमेरिकेचा शॉन व्हाइट ८५ वर चौथा. या क्रमावर मला काहीही आक्षेप नाही. २०१४ मध्ये १.२५ आणि २०१८ मध्ये २.५० गुणांनी रौप्यावर थांबलेल्या हिरानोने नंतर सांगितले की, दुसऱ्या फेरीचे गुण त्याला पटले नव्हते आणि तो राग त्याला शेवटच्या फेरीत उपयोगी पडला. निकाल बरोबर लागला, परंतु तो हिरानोच्या धैर्यामुळे. दुसऱ्यांदा ट्रिपल कॉर्क करताना तो पडला असता, तर ९१.७५ हाच त्याचा शेवटचा आकडा ठरला असता.

आपल्या मुलासाठी एक करता येईल. दुसरी आणि तिसरी फेरी लागोपाठ लावा, आवाज बंद ठेवा आणि त्याला पाच रकाने आखून द्या. प्रत्येक उडीत भिंतीच्या काठापासून तो किती वर गेला, हात बोर्डाला नीट लागला का आणि किती वेळ राहिला, आणि उतरताना बोर्ड भिंतीच्या वरच्या भागात सपाट टेकला की खाली घसरला, एवढेच लिहायला सांगा. आकडा सर्वांत शेवटी लिहू द्या. त्या दोन फेऱ्यांत त्याला ४.२५ गुणांचा फरक सापडतो का, ते मला इथेच कळवा. मी माझा कागद आधीच भरून ठेवला आहे. मला सापडलेला फरक दोन गुणांच्या वर जात नाही, आणि तो शेवटच्या दोन उड्यांच्या उतरण्यात आहे.