मागच्या पुराची खूण विसरा

नदीची पातळी चढू लागली की महापालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षात तेच तेच प्रश्न येतात. त्यांतले काही इथे घेतो.

प्रश्न : धरणातून अमुक हजार क्युसेक पाणी सोडलं, असा निरोप येतो. त्यातून आम्ही काय समजायचं?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. नुसता आकडा कळून भागत नाही. किती विसर्गाला तुमच्या गल्लीत पाणी शिरतं आणि धरणापासून तिथवर यायला किती तास लागतात, हे प्रभाग कार्यालयात आजच विचारून ठेवा. धरणाच्या खालच्या बाजूला पडलेला पाऊस या आकड्यात नसतो. ‘धरण फुटलं’ असले निरोप मात्र पुढे ढकलू नका. त्या अफवेने लोक रस्त्यावर येतात आणि आमची वाहनं अडकतात.

प्रश्न : पुलावर गुडघाभरच पाणी आहे. गाडी हळू काढली तर?

नाही. फूटभर वाहतं पाणी लहान मोटार उचलतं.

प्रश्न : नदी अजून लांब आहे, तरी न्हाणीघरात पाणी कसं आलं?

पावसाळी गटारं नदीत सोडलेली असतात. नदी त्यांच्या तोंडावर चढली की पाणी उलटं फिरतं, मैलावाहिनीत शिरतं आणि तळमजल्याच्या जाळीतून वर येतं. गटाराच्या तोंडाशी झडप असली, तरी एखादा ओंडका अडकला की ती मिटत नाही. जाळीतून बुडबुडे आले की तो इशारा समजा. जाळीवर वाळूची पिशवी ठेवा आणि लगेच कळवा. घराच्या जोडणीला झडप बसवायची असेल, तर आधी मलनिःसारण विभागाला विचारा.

प्रश्न : वडिलांनी भिंतीवर मागच्या महापुराची खूण केली आहे. पाणी तिच्या चार फूट खाली असतानाच पालिकेची माणसं घर सोडा म्हणतात. तसा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो ना?

या खुणेनेच माणसं अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ‘शंभर वर्षांतला पूर’ म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता. काल आला म्हणून उद्या येणार नाही, असं नाही. तीस वर्षं त्या घरात राहिलात, तर तो गाठण्याची शक्यता साधारण चारात एक.

शिवाय नदी तीच असली, तरी पात्र तेच राहिलेलं नाही. काठावर भराव पडले, राडारोडा टाकला गेला, पुलांचे खांब आले. तेवढंच पाणी आता जास्त उंच चढू शकतं. आणि खूण उंची सांगते, वेग सांगत नाही. मागे चार फूट चढायला रात्र लागली असेल, या वेळी दोन तास पुरतील.

दिवसा, कोरड्या रस्त्यावरून एक बस एका फेरीत पन्नास जणांना नेते. रात्री बोटीत आठ-दहा जण मावतात, आणि पाण्याखाली कुठे तार आहे, कुठे बुडालेली गाडी, ते दिसत नाही. एका रात्री आम्ही एका आजींना गच्चीवरून उतरवलं. त्यांचा मुलगा खूण दाखवायला भिंतीवर टॉर्च मारत होता. तिथे पाणीच होतं. आमची माणसं सकाळी अकरा वाजता त्याच दारातून परत गेली होती.

तेव्हा सांगितलं की निघा. घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल, डायलिसिस चालू असेल, तर पावसाआधीच प्रभाग कार्यालयात नाव नोंदवा आणि औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलून ठेवा.

प्रश्न : टाकीत पुराचं पाणी गेलं. विक्रेता म्हणतो, तुरटीची पुडी टाका, पाणी शुद्ध होतं.

त्याला पुड्या खपवायच्या आहेत. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. टाकी रिकामी करून धुवा, क्लोरीनची मात्रा आरोग्य विभागाकडून घ्या. तोवर पिण्याचं पाणी खळखळून उकळल्यावर किमान एक मिनिट तसंच उकळत ठेवा. पाण्याला पेट्रोलचा, रसायनाचा वास येत असेल, तर उकळूनही पिऊ नका.

प्रश्न : पाणी ओसरलं. मेन स्विच चालू करू?

परवानाधारक वायरमनने तपासल्याशिवाय हातही लावू नका.

प्रश्न : पुराच्या पाण्यातून चाललो, आठवड्याने ताप आला. दुकानातून गोळी घेऊ का?

मुळीच नको. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदीर-जनावरांच्या लघवीतून पाण्यात आलेल्या जंतूंचा आजार; त्याचा ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, कधी महिनाभरानेही. आजच डॉक्टर गाठा आणि पुराच्या पाण्यातून चाललो होतो, हे त्यांना सगळ्यात आधी सांगा.