हवामानाच्या शोधात अटलांटिकवर

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात केवळ हवामान पाहण्यासाठी उडणारी विमानपथके होती, असे ऐकले. त्यासाठी माणसांचे जीव धोक्यात घालण्याची गरज काय होती?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पश्चिम युरोपचे हवामान बहुतांशी अटलांटिक महासागरावरून येते. शांततेच्या काळात जहाजे तिथल्या नोंदी बिनतारी यंत्राने कळवीत. युद्धात मात्र असा संदेश म्हणजे शत्रूच्या पाणबुडीला दिलेला पत्ताच ठरत असल्याने ती सोय संपली आणि हवामानाच्या नकाशाची पश्चिम बाजू कोरी पडली. ती भरण्यासाठी ब्रिटिश हवाई दलाने खास पथके उभारली. जर्मनीचीही ‘वेकुस्टा’ नावाची अशी पथके होती.

ब्रिटिशांची 518 क्रमांकाची स्क्वॉड्रन (विमानपथक) जुलै 1943 मध्ये स्थापन झाली आणि लवकरच स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील टायरी या सपाट, सतत वाऱ्याच्या माऱ्यात असलेल्या बेटावर आली. तिथून चार इंजिनांची हॅलिफॅक्स विमाने शेकडो मैल समुद्रात जात. दर 50 मैलांवर नोंद करायची, अधूनमधून थेट लाटांजवळ उतरून समुद्रसपाटीचा वायुदाब मोजायचा आणि दूरच्या टोकाला सुमारे 18,000 फुटांवर चढायचे, असा क्रम असे. निरीक्षक हवेचे तापमान व आर्द्रता कळण्यासाठी कोरड्या व ओल्या तापमापकांवरचे आकडे वाचून कागदावर उतरवी आणि बिनतारी चालक ते सांकेतिक लिपीत जमिनीवर पाठवी. काळोख्या रात्री, गार वाऱ्यापावसात, खाली उसळता समुद्र असताना विमान लाटांजवळ आणणे किती जोखमीचे होते, हे वेगळे सांगायला नको. ज्या हवेत इतर विमाने जमिनीवरच थांबत, तिच्यातच यांना उडावे लागे. 16 ऑगस्ट 1944 रोजी टायरीवरच दोन हॅलिफॅक्स एकमेकांवर आदळली आणि 16 जण मृत्युमुखी पडले.

जून 1944 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरील दोस्त राष्ट्रांची स्वारी वादळामुळे 5 तारखेवरून 6 तारखेवर गेली, तेव्हा सरसेनापती आयझेनहॉवर यांचे हवामान सल्लागार जेम्स स्टॅग यांच्यापुढच्या नकाशांवर अशा विमानांच्या नोंदीही होत्या. सारे श्रेय या विमानांना देणे मात्र योग्य नव्हे, कारण आयर्लंडच्या ब्लॅकसॉड येथील केंद्रातून आलेल्या वायुदाबाच्या नोंदी निर्णायक ठरल्या. तरीही रोज, न चुकता, केवळ आकडे आणण्यासाठी समुद्रावर जाणाऱ्या या वैमानिकांची आठवण युद्धाच्या इतिहासात फार कमी निघते, याची खंत वाटते. 518 स्क्वॉड्रनचे स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतील ब्रीदवाक्य होते : ‘किल्ली आमच्याकडे आहे.’