क्लच घसरतो की सुटत नाही? स्पोर्ट एटीव्हीविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

गोव्यातील वाचकांनी पाठवलेले या वेळचे बहुतेक प्रश्न हाताने क्लच दाबावा लागणाऱ्या स्पोर्ट एटीव्हींचे, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या चारचाकी उघड्या गाड्यांचे आहेत. या गाड्यांत मोटरसायकलीसारखाच, तेलात बुडालेला अनेक प्लेट्सचा क्लच असतो. त्यात घर्षणाचे अस्तर असलेली एक प्लेट आणि तिला लागून एक साधी पोलादी प्लेट, असा एकाआड एक संच असतो व त्यावर पाच-सहा स्प्रिंगांचा दाब असतो. लिव्हर सोडल्यावरही हा संच पूर्ण पकड घेत नाही, किंवा लिव्हर दाबल्यावरही पूर्ण सुटत नाही, या दोन तक्रारींत बहुतेक बिघाड येतात. दोहोंचे उपाय परस्परविरुद्ध असल्याने आपला बिघाड कोणत्या बाजूचा आहे हे आधी ठरवावे आणि मगच पाना हाती घ्यावा.

प्रश्न (सांगे): माझ्या ४५० सीसीच्या एटीव्हीचे इंजिन चढावर नुसतेच ओरडते, गाडी मात्र वेग घेत नाही. महिन्यापूर्वी तेल बदलले होते. मेकॅनिक म्हणतो की संपूर्ण क्लच किट बदलावे लागेल. त्याचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर: कदाचित असेलही, परंतु किट मागवण्याची घाई करू नये. प्रथम खरोखर क्लचच घसरतो आहे ना, याची खात्री करावी. आपल्या भागातील ओल्या लाल मातीच्या चढावर मागची चाके जागच्या जागी फिरली, तरी इंजिनाचा आवाज असाच चढतो. कोरड्या, कठीण आणि मोकळ्या जागी वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना थ्रॉटल एकदम दाबून पाहावा. इंजिनाचे फेरे आधी चढले आणि गाडी मागाहून रेंगाळत आली, तर दोष क्लचचा आहे. ही चाचणी एकदोनदाच करावी, कारण घसरणाऱ्या प्लेट्स फार लवकर तापतात.

त्यानंतर लिव्हरचा प्ले पाहावा, म्हणजे केबल ताणली जाण्यापूर्वी लिव्हर किती सैल हलतो ते मोजावे. बहुतेक गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी तो साधारण १० ते १५ मिमी असतो; नेमका आकडा आपल्या मॅन्युअलमध्ये पाहावा. प्ले अजिबात नसेल, तर लिव्हर सोडलेला असतानाही केबल क्लचला अर्धवट दाबून धरते आणि स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेट्सवर येत नाही. प्लेट्स झिजल्या की प्ले वाढतो अशी अनेकांची समजूत आहे. वस्तुतः झीज झाली की प्रेशर प्लेट (स्प्रिंगांचा दाब संचावर देणारी बाहेरची प्लेट) आत सरकते आणि प्ले कमी होतो. वाढतो तो केबल ताणल्यामुळे. त्यामुळे केबलला हात न लावता प्ले हळूहळू नाहीसा झाला असेल, तर ती प्लेट्स झिजल्याचीच खूण समजावी.

मात्र महिन्यापूर्वी तेल बदलले, हा आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘जासो एमए२’ असे लिहिले आहे का, ते पाहावे. ही जपानी दर्जाखूण तेलात बुडालेल्या क्लचसाठी योग्य असलेल्या तेलावर असते. ‘एमबी’ हा कमी घर्षणाचा वर्ग असून ते तेल ऑटोमॅटिक स्कूटरसाठी असते. इंधन वाचवणाऱ्या मोटारीच्या तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती मोटारीच्या इंजिनाला उपकारक असली, तरी आपल्या क्लचची पकड घालवतात. चुकीचे तेल पडले असेल, तर तेल आणि फिल्टर दोन्ही बदलावे, थोडे चालवून पुन्हा एकदा तेल बदलावे, आणि मगच निर्णय घ्यावा. होंडाच्या टीआरएक्स४५०आरमध्ये इंजिनाचे आणि गिअरबॉक्स-क्लचचे तेल वेगवेगळ्या कप्प्यांत असते; आपली गाडी तीच असेल, तर चौकशी गिअरबॉक्सच्या तेलाची करावी.

एवढे करूनही घसरण थांबली नाही, तर क्लच उघडावा लागेल. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल करावेत. अस्तराच्या नव्या प्लेटची जाडी बहुतेक गाड्यांत ३ मिमीच्या आसपास असते आणि बदलण्याची मर्यादा त्याहून केवळ काही दशांश मिमीने कमी असते. ही झीज डोळ्यांना दिसत नाही, ती व्हर्नियरनेच (बारीक मापे घेणाऱ्या मोजपट्टीने) मोजावी. पोलादी प्लेट्सवर निळसर डाग असतील, तर त्या अतिशय तापल्या होत्या असे समजावे. स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजावी आणि एक जरी आखूड भरली, तरी सर्व बदलाव्यात. अस्तराच्या नव्या प्लेट्स बसवण्यापूर्वी त्याच दर्जाच्या तेलात रात्रभर बुडवून ठेवाव्यात. बोल्ट आवळताना टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) वापरावा, कारण येथे टॉर्क साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर इतका कमी असतो आणि हाताच्या अंदाजाने आवळल्यास हबचे, म्हणजे हे बोल्ट ज्यात बसतात त्या मधल्या भागाचे, अ‍ॅल्युमिनियमचे खांब तुटतात.

अधिक कडक स्प्रिंगा घालण्याचा सल्ला आपल्याला कोणी तरी देईलच. शर्यतीच्या इंजिनाला त्या आवश्यक असतात. मूळ अवस्थेतील गाडीत त्या खऱ्या दोषावर पांघरूण घालतात आणि लिव्हर मात्र मनगट दुखेपर्यंत जड करतात.

प्रश्न (पेडणे): पावसाळाभर शेडमध्ये ठेवलेली गाडी चवथीनंतर बाहेर काढली. क्लच पूर्ण दाबलेला असतानाही गिअर टाकताच ती पुढे उडी मारते आणि बंद पडते.

उत्तर: दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीत प्लेट्स एकमेकींना चिकटतात, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात हे नेहमीच घडते. लिव्हर दाबल्यावर दाब निघतो, पण प्लेट्स सुट्या होत नाहीत. इंजिन न्यूट्रलमध्ये चांगले गरम करावे आणि बंद करावे. मग वरचा गिअर टाकून, लिव्हर दाबून धरून, गाडी पुढे-मागे झोके देत ढकलावी. बहुधा एवढ्याने प्लेट्स सुटतात. गिअरमध्ये ठेवून इंजिन सुरू करण्याचा उपाय काही जण सांगतात. समोर भिंत, माणूस किंवा माड असेल तेथे तो कदापि करू नये.

गाडी सुटल्यानंतरही न्यूट्रल सापडत नसेल किंवा गिअरमध्ये उभी असताना ती पुढे सरकत असेल, तर प्ले प्रमाणाबाहेर वाढला आहे का ते पाहावे. केबल व्यवस्थित असेल आणि तेलही योग्य जाडीचे असेल, तर दोष आत आहे. पोलादी प्लेट जाड, सपाट काचेवर ठेवून तिच्याखाली फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) सरकवून पाहावा, मॉडेलप्रमाणे ०.१ ते ०.२ मिमीहून अधिक वाक असल्यास ती प्लेट बाद समजावी. त्याच वेळी बास्केटच्या, म्हणजे प्लेट्सचा संच ज्यात बसतो त्या भांड्याच्या, बोटांसारख्या उभ्या पट्ट्यांवरून नख फिरवावे. प्लेट्सच्या कानांनी (कडेला बाहेर आलेल्या भागांनी) तेथे खाचा पाडल्या असतील, तर प्लेट्स त्यांत अडकतात आणि क्लच धक्के देत सुटतो. उथळ खाचा बारीक कानशीने सपाट करता येतात. खोल असतील तर बास्केट बदलणेच योग्य, कारण जास्त घासल्याने बोटे पातळ होतात.

प्रश्न (हरमल): घर समुद्राजवळ आहे. क्लच केबल वारंवार तुटते आणि लिव्हर सतत जड असतो.

उत्तर: खाऱ्या हवेमुळे केबलच्या आतील तारा गंजतात आणि एकेक करून तुटतात, शेवटची तार तुटते तेव्हाच आपले लक्ष जाते. केबल दोन्ही टोकांनी सोडवून हाताने ओढून पाहावी. ती मोकळी सरकत असेल, तर दोष लिव्हरच्या पिव्हॉटमध्ये किंवा इंजिनाजवळच्या क्लच आर्ममध्ये आहे, आणि या आर्मच्या गंजाकडे सहसा कोणी पाहत नाही. तो साफ करून ग्रीस लावावे. नवी केबल जुन्याच मार्गाने, तीव्र वळण न देता न्यावी. आतून नायलॉनचे अस्तर असलेल्या केबलमध्ये जाड ग्रीस भरू नये. गाडी धुताना मात्र पाण्याचा जोरदार फवारा केबलच्या टोकांवर मारू नये. (गाडी किनाऱ्यावर नेत असल्यास, गोव्यात त्याला कायद्याने मनाई आहे.)

प्रश्न (फोंडा): मुलाच्या ११० सीसीच्या एटीव्हीला क्लच लिव्हरच नाही. गिअर टाकताना मोठा धक्का बसतो आणि ब्रेक सोडताच गाडी आपोआप सरकते.

उत्तर: या गाडीत इंजिनाचे फेरे वाढले की आपोआप पकडणारा केंद्रोत्सारी क्लच असतो. प्रथम आयडल, म्हणजे थ्रॉटल न दाबता असणारा इंजिनाचा वेग, कमी करून पाहावे. बहुतेक वेळा एवढेच पुरते. गाडी तरीही सरकत असेल, तर क्लच शूच्या (फेरे वाढल्यावर बाहेर सरकून पकड घेणाऱ्या भागांच्या) स्प्रिंगा सैल पडल्या असतील. पायाने गिअर टाकावे लागत असतील, तर उजव्या बाजूच्या कव्हरवर लॉकनटसह एक स्क्रू असतो. लॉकनट सैल करून, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दिशेने हलका अडथळा जाणवेपर्यंत स्क्रू फिरवावा आणि तेथून अष्टमांश ते पाव फेरा उलट घेऊन लॉकनट आवळावा.

प्रश्न (काणकोण): आयडलवर उजवीकडून खडखड ऐकू येते, क्लच दाबला की थांबते.

उत्तर: बास्केटचे बेअरिंग किंवा तिच्या मागच्या, धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा सैल झाल्याची ही खूण आहे. थोडी खडखड सर्वच गाड्यांत असते. ती वाढत नसेल, तर पुढच्या वेळी क्लच उघडेपर्यंत थांबावे. याउलट आवाज क्लच दाबल्यावरच येत असेल, तर रिलीज बेअरिंग (लिव्हरचा दाब फिरत्या प्रेशर प्लेटवर पोहोचवणारे बेअरिंग) तपासण्यास उशीर करू नये.