पुण्यात नवीन गाडी घेतलीत? आधी पी-१, पी-२ समजून घ्या

अभिनंदन! पहिल्याच आठवड्यात पावती फाटली म्हणून खचू नका, पुण्यात नव्या माणसाचं हे हमखास होतं. सुरुवातीला एवढंच पक्कं करा.

रस्त्याच्या ज्या बाजूला पी-१ ची पाटी असेल, त्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची; पी-२ ची पाटी असेल तिथे सम तारखेला. बहुतेक चुका इथेच होतात. काल इथेच लावली होती म्हणून आज पण लावली, की गाडी उचलली गेलीच समजा. महिना ३१ दिवसांचा असेल तर ३१ आणि १ दोन्ही विषम, म्हणजे बाजू बदलत नाही. मी दोनदा फसलोय त्यात. लावण्याआधी मोबाईलवर तारीख बघाच.

निळ्या गोलात एक लाल तिरकी रेघ म्हणजे नो पार्किंग. दोन रेघांची फुली असेल तर क्षणभर थांबायचंही नाही, गाडीत बसून राहिलात तरी.

- चार गाड्या उभ्या दिसल्या म्हणून पाचवी लावू नका. आधी पाटी शोधा, ती झाडाच्या फांदीआड असते कधी कधी.
- फूटपाथ, बस स्टॉप, सोसायटीचं गेट, चौकाचं तोंड: पाटी नसली तरी नाही.
- दुचाकीच्या पट्ट्यात कार घालू नका.

दंड पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा तीच चूक केली तर १५००. टोइंगचे पैसे वेगळे. ई-चलन आलं की त्यातला फोटो आणि गाडीचा नंबर नीट बघा, आपलंच असेल तर लगेच भरून टाका.