कॅमेऱ्याची किंमत आणि बदलीचा खर्च : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लायका कंपनीच्या एम१० आणि एम१०-पी या कॅमेऱ्यांचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) एकच आहे. मग ‘पी’साठी एवढे जास्त पैसे कशाचे?

उत्तर : एम१० जानेवारी २०१७ मध्ये ६,५९५ डॉलरला बाजारात आला, एम१०-पी ऑगस्ट २०१८ मध्ये ७,९९५ डॉलरला. मधल्या १,४०० डॉलरमध्ये आणखी हळू आवाजाचं शटर, टचस्क्रीन आणि कॅमेरा तिरका धरलाय का ते दाखवणारी लेव्हल मिळते. समोरचा लाल ठिपका, म्हणजे कंपनीचं चिन्ह, जातो आणि वरच्या पत्र्यावर कंपनीचं नाव कोरलेलं येतं. आमच्या मते यात शटर हेच काय ते खरं काम. बाकीची रक्कम सुट्या भागांवरून काढलेली नाही. साडेसहा हजार मोजणारा आणखी किती मोजेल, यावरून काढलेली आहे. लायकाचंच आधीचं उदाहरण घ्या. एम टाइप २६२ हा कॅमेरा पाठीमागच्या स्क्रीनसह ५,१९५ डॉलरला होता. २०१६ मध्ये तोच स्क्रीन काढून टाकून एम-डी आला, तो ५,९९५ ला! एक भाग कमी, ८०० डॉलर जास्त.

मात्र प्रत्येक ‘पी’ला हा न्याय लावू नका. एम१० नंतरच्या एम११ आणि एम११-पी यांच्या सुरुवातीच्या किमतींत २०० डॉलरचाच फरक होता (८,९९५ आणि ९,१९५). त्यात ६४ ऐवजी २५६ जीबी अंतर्गत साठवण आणि स्क्रीनवर सहज ओरखडे न पडणारी सफायर काच मिळते. तिथे पी घ्यावा.

प्रश्न : माझ्याकडे एम१० आहे. एम११ घेतला तरी लेन्स त्याच चालतील. म्हणजे खर्च फक्त दोन बॉडींच्या किमतीतल्या फरकाचाच ना?

उत्तर : लेन्स चालतील, एम माउंट (बॉडीला लेन्स बसवायचा सांधा) १९५४ पासून तोच आहे. खर्च मात्र तेवढ्यावर थांबत नाही. एम११ ची बॅटरी वेगळी आहे, त्यामुळे तुमच्या जादा बॅटऱ्या आणि चार्जर निरुपयोगी होतील. एम११ ला निघणारी तळपट्टी नाही, म्हणून एम१० साठी घेतलेली ग्रिप किंवा चामड्याची हाफ-केस बसणार नाही. वर लावायचा जुना इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, म्हणजे व्हिझोफ्लेक्स टाइप ०२०, एम११ वर चालत नाही; व्हिझोफ्लेक्स २ लागतो. २४ मेगापिक्सेलवरून ६० वर गेलात की फायली अडीचपट होतात, म्हणजे कार्ड आणि हार्ड डिस्कही आल्या. (एम११ मध्ये रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली, फाइल ३६ किंवा १८ मेगापिक्सेलचीही घेता येते, पण मग साठच्या सेन्सरला पैसे कशाला मोजायचे?)

याखेरीज खर्च येतो तो रेंजफाइंडरच्या, म्हणजे दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस साधणाऱ्या यंत्रणेच्या, जुळणीचा. ५० मिमी एफ/१.४ अशा मोठ्या छिद्राच्या लेन्सचा फोकस किंचित पुढेमागे असेल तर २४ मेगापिक्सेलवर तो खपून जातो, ६० वर उघडा पडतो. मग लेन्स आणि बॉडी दोन्ही सर्व्हिस सेंटरला पाठवाव्या लागतात आणि काही आठवडे कॅमेऱ्याविना जातात. म्हणून हिशेब असा करा : नवी बॉडी आणि तिच्यावरचा कर, अधिक वरचं सगळं सामान, अधिक जुळणीचा खर्च, वजा जुन्या बॉडीची हातात पडणारी रक्कम. ही शेवटची रक्कम दुकानदाराने लेखी दिलेलीच धरा, जाहिरातीत दिसणारी नको. जाहिरातीतला आकडा विक्रेत्याने मागितलेला असतो, मिळालेला नसतो.

प्रश्न : काही महागडे कॅमेरे सेकंडहँड बाजारात किंमत धरून राहतात, काही कोसळतात. असं का?

उत्तर : तुमच्या कॅमेऱ्याची किंमत त्याच्या पुढच्या मॉडेलवर टेकलेली असते. हॅसलब्लाडचा एक्स१डी-५०सी २०१६ मध्ये ८,९९५ डॉलरला जाहीर झाला. त्याच आकाराचा ५० मेगापिक्सेलचा सेन्सर घेऊन फुजीफिल्मचा जीएफएक्स ५०एस २०१७ मध्ये ६,४९९ ला आला, पुढच्या वर्षी ५०आर ४,४९९ ला. २०१९ मध्ये हॅसलब्लाडने एक्स१डी टू ५,७५० ला काढला. नवा कोरा कॅमेरा एवढ्याला मिळू लागल्यावर जुना त्याहून महाग कोण घेणार? अशा मालकांचं नुकसान झीज किंवा बिघाडामुळे होत नाही. लायका एमसारख्या, जवळजवळ स्पर्धक नसलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांची गोष्ट उलटी : नवा महाग झाला की जुनाही टिकून राहतो.

प्रश्न : बॉडी न बदलता आतले भागच बदलून देण्याची योजना कोणी राबवली होती का?

उत्तर : लायकाने राबवली होती. एम८ (२००६, ४,७९५ डॉलर) च्या मालकांना २००८ मध्ये सफायर काच आणि हळू आवाजाचं शटर सुमारे १,२०० युरोंत बसवून मिळत असे. त्या शटरचा सर्वाधिक वेग १/८००० वरून १/४००० सेकंदावर येत होता, तरीही लोकांनी पैसे भरले. पण सप्टेंबर २००९ मध्ये पूर्ण फ्रेमचा, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा, एम९ आला आणि एम८ मध्ये तो सेन्सर बसवण्याची सोय नव्हती. तेव्हा ‘पुढे अपग्रेड मिळेल’ या आश्वासनाला खरेदीच्या वेळी शून्य किंमत द्या.

प्रश्न : जुना एम९ स्वस्तात मिळतोय. सेन्सर खराब आहे की नाही, कसं ओळखायचं?

उत्तर : रेंजफाइंडर लेन्सचा मागचा भाग सेन्सरच्या जवळ असतो आणि कडेची किरणं तिरकी येतात. सेन्सरवर जाड काच लावली तर फोटोचे कोपरे बिघडतात. म्हणून एम९ वर पातळ पण तीव्र इन्फ्रारेडरोधक काच लावली होती. ती ओल शोषते आणि तिच्यावर गंज चढतो.

लेन्सचं छिद्र बारीक करून एफ/१६ वर ठेवा, फोकस मुद्दाम हलवा, मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या आणि कॉन्ट्रास्ट वाढवून शंभर टक्के आकारात तपासा. मग हातपंपाने हवा मारून पुन्हा फोटो घ्या. जागा बदलतात किंवा जातात ते डाग धुळीचे. जागेवरच राहणारे, भोवती फिकट कडं असलेले ठिपके गंजाचे. ते ओल्या सफाईने जात नाहीत. लायकाने सुरुवातीला सेन्सर फुकट बदलून दिले, २०१७ नंतर जुन्या कॅमेऱ्यांसाठी पैसे घेतले, पुढे सेन्सरचा साठाच संपला. म्हणून सेन्सर बदलल्याचा सर्व्हिस सेंटरचा कागद, त्यावर तुमच्याच बॉडीचा क्रमांक असलेला, मागून घ्या. ‘बदललाय हो’ या शब्दावर व्यवहार करू नका. कागद नसेल तर आज डाग नसलेला एम९ही गंज येणार हे धरूनच भाव ठरवा.