कामाचं बोलू : ‘ऑफिसला जातो, पण मन लागत नाही’

या वेळी 3 पत्रं घेतलीयत. पहिल्याला जागा जास्त गेलीय, कारण त्याच अर्थाची बरीच पत्रं येऊन पडलीयत आणि प्रत्येकाला वाटतंय की हे फक्त आपल्यालाच होतंय.

प्रश्न : ताई नमस्कार. वय 47, राहायला बदलापूर, नोकरी अंधेरीला, आरोग्य विमा कंपनीत क्लेमला आहे, 19 वर्षं झाली. आधी फाईल यायची, डिस्चार्ज समरी वाचायची, बिलं जुळवायची, शंका आली की हॉस्पिटलला फोन लावायचा आणि मग ठरवायचं. गेल्या वर्षी नवीन सिस्टीम आली, आता एआय कागद वाचतं, रक्कमही तेच काढतं, मी फक्त ओके दाबायचं. दिवसाचा आकडा ठरलेला, स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ पळत असतं. रविवारी संध्याकाळ झाली की पोटात कसंतरी होतं. कंपनी मोटिव्हेशनचे वेबिनार घेते, ते संध्याकाळी 6 नंतर असतात, तेव्हा माझं लक्ष गाडीकडे. घरी म्हणतात वय झालं. शेजारचा मुलगा म्हणतो डेटा सायन्सचा कोर्स करा, फी दीड लाख, ईएमआयवर होतो. मी आळशी झालोय का? कोर्स करू का?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी एकच सांगते, तुम्ही आळशी झालेला नाहीत, आळशी माणसाला 19 वर्षं बदलापूरहून गाडी पकडून अंधेरी गाठणं जमणारच नाही. तुमच्या कामातला निर्णय गेलाय. ‘हे बिल मला बरोबर वाटत नाही, थांबा जरा’ असं म्हणायचा हक्क हा तुमच्या नोकरीचा जीव होता आणि तोच काढून घेतलाय, मग मन लागणार कशाला? रॉबर्ट करासेक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1979 मध्ये हे मांडलंय, की काम जास्त असलं तरी माणूस निभावून नेतो, पण काम जास्त आणि आपल्या हातात काहीच नाही अशी जोडी जमली की तो आतून खचत जातो. तुमचं अगदी तेच झालंय.

घड्याळ कुठून आलं तेही बघायला हवं. 2024 मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं की कॅशलेसच्या विनंतीवर 1 तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी 3 तासांत द्या. पेशंटच्या बाजूने हे फारच चांगलं झालं, माझ्या आईच्या वेळी डॉक्टरांनी सकाळी घरी जा म्हटलं आणि आम्ही दिवेलागणीपर्यंत बिलिंग काउंटरसमोर बाकड्यावर बसून होतो, आई सारखी विचारायची ‘निघायचं का गं’, त्यामुळे हा नियम किती गरजेचा होता ते मला माहितीय. पण त्या 3 तासांचं ओझं कंपनीने माणसं वाढवून उचललं की तुमच्या स्क्रीनवर घड्याळ लावून उचललं, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो साहेबांना विचारायलाच हवा. त्याच परिपत्रकात आणखी एक गोष्ट आहे, कुठलाही क्लेम समितीच्या मंजुरीशिवाय नाकारता येत नाही. म्हणजे ‘नाही’ म्हणायला अजून माणसंच लागतात, आणि त्या माणसांपुढे फाईल नीट मांडणारा कुणीतरी लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता माझ्या बँकेतलं सांगते. मी फोर्टच्या एका शाखेत क्लार्क होते तेव्हा लेजर जाऊन मशीन आलं. आमच्याकडे एक हेडक्लार्क होते, त्यांना नुसती सही बघून खातं आठवायचं. काउंटरवर चेक आला की लेजर उघडायच्या आधी ते म्हणायचे ‘यांची सही अशी नसते, बोलवा त्यांना.’ मशीन आल्यावर त्यांना कोपऱ्यात बसवलं, नुसत्या एंट्र्या मारायला. दोन महिन्यांत माणूस वाळला. डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे, ते मी समोरच्या टेबलावरून रोज बघितलंय. मग एकदा महिनाअखेरीला बॅलन्सिंग जुळेना, रात्री उशिरापर्यंत सगळे बसलेलो, फरक सापडेना, आणि यांनी प्रिंटाउट हातात घेऊन तासाभरात सांगितलं की एकाच नावाची दोन खाती आहेत आणि जुन्या लेजरमधून बाकी ओढताना एकाची दुसऱ्याला गेलीय. मशीनला दोन्ही नावं सारखीच होती, यांना दोन माणसं आठवत होती. मॅनेजर चांगले होते, त्यांनी दुसऱ्या दिवसापासून यांना चुका शोधायच्या कामावर घेतलं आणि पुढे दुसऱ्या शाखांमधूनही बोलावणी यायला लागली. 2000-01 मध्ये सरकारी बँकांमध्ये व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना, आली आणि देशभरात 1 लाखाच्या आसपास माणसं बाहेर पडली, आमच्या शाखेतलेही गेले, काही खुशीने गेले, काही वैतागून. आमचे हेडक्लार्क मात्र रिटायर होईपर्यंत टिकले, डबाही संपवायला लागले.

म्हणून माझं म्हणणं आहे की कोर्सच्या आधी एक वही घ्या. साधी शंभर पानी. सिस्टीम जिथे चुकतेय असं वाटतं ते रोज त्यात लिहा, पण कामाच्या वेळेत आणि पेशंटचं नाव, पॉलिसी नंबर वगैरे काहीही न लिहिता, फक्त चुकीचा प्रकार. हाताने लिहिलेला केस पेपर नीट वाचला गेला नाही, फार्मसीचं बिल दोनदा धरलं, रूम रेंटच्या मर्यादेमुळे करायची कपात जिथे लागू नाही तिथे लावली, जुना आजार म्हणून शेरा आलाय पण डॉक्टरांनी तसं कुठे लिहिलेलंच नाही. 6 आठवडे लिहा. मग साहेबांकडे जा आणि मोटिव्हेशनचा शब्दही काढू नका, एवढंच सांगा की या 5 प्रकारांत सिस्टीम अडकते, हे क्लेम आधी माझ्याकडे येऊ देत, आणि त्यांच्यापुरता आकडा कमी धरा. साहेब वयाने तुमच्यापेक्षा लहान असतील तरी जा, त्यात कमीपणा नाही. तुमच्या 19 वर्षांचा दाखला दुसऱ्या कंपनीत दाखवायचा झाला तरी हीच वही बोलेल, ‘अनुभव 19 वर्षे’ या ओळीने आजकाल कुणी हलत नाही.

दीड लाखाचा कोर्स आत्ता ईएमआयवर नको. शिकायला माझा विरोध नाही, पण थकलेल्या माणसाने रात्री 10 वाजता, घाबरून आणि कर्ज काढून शिकलेलं अंगी लागत नाही. एक्सेल नीट येतं का ते बघा, नसेल तर आधी ते. मग वहीतून दिसेल की आपल्याला नेमकं काय शिकायला हवं.

फिनलंडमध्ये युहानी इल्मारिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 पासून 11 वर्षं नगरपालिकांचे कर्मचारी, म्हणजे पंचेचाळिशीच्या पुढची तुमच्याच वयाची माणसं, अभ्यासली. काहींची काम करायची ताकद वयाबरोबर घटली, पण काहींची चक्क वाढली, आणि जिथे वाढली तिथे वरिष्ठांची वागणूक सुधारली होती, तेचतेच हात फिरवायचं काम कमी झालं होतं आणि माणसं मोकळ्या वेळात व्यायाम करत होती. पुढे त्यांनी याचं घर मांडलं, आपण चाळ म्हणू, चार मजल्यांची. तळाला तब्येत, वर कसब, त्यावर मनाची ओढ आणि सगळ्यात वर खुद्द काम, त्याचं वजन खालच्या तिन्ही मजल्यांवर. वरचा मजला जड झाला की खालच्या भिंतींना तडे जातात, आणि आपण मात्र तडा बुजवायला मनाच्या मजल्यावर वेबिनार घेत बसतो. वरचं ओझं उतरवणं हे मालकाचं काम आहे, तुमच्या एकट्याचं नाही.

इल्मारिनेन यांचा एक सोपा प्रश्न आहे तो आज रात्री स्वतःला विचारा. काम करायची ताकद आयुष्यात सगळ्यात चांगली होती त्या काळाला 10 गुण दिले तर आज किती? 7-8 असेल तर वहीपासून सुरुवात करा. 3-4 वर असाल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर वही राहू दे बाजूला, आधी डॉक्टर. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर 14416, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून येणारी अवस्था अशी, त्यात वयाचा उल्लेखसुद्धा नाही. हे घरी वाचून दाखवा.

प्रश्न : ताई, मी 26 वर्षांची, मुलुंडला राहते, एका जाहिरात एजन्सीत आहे, 3 दिवस ऑफिस 2 दिवस घरून. रात्री 11 ला ग्रुपवर मेसेज येतो, ब्लू टिक दिसली की लगेच ‘करतेस ना?’ आई म्हणते नोकरी टिकव, आत्ता बाजार वाईट आहे. मला काम आवडतं पण फोन वाजला की छाती धडधडते. नाही कसं म्हणू?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : काम आवडतं असं तू स्वतःहून लिहिलंस, ते जपायचंय आपल्याला. 2 आठवडे रात्री 9 नंतर आलेले मेसेज मोजून ठेव आणि प्रत्येकापुढे लिही की हे सकाळी 10 ला केलं असतं तर काय बिघडलं असतं. माझ्याकडे आलेल्या ज्या मुलींनी हे केलं त्यांच्या यादीत खरोखर रात्रीच करायलाच हवं असं फार थोडं निघालं. ती यादी घेऊन मॅनेजरशी एकटीने, समोरासमोर बोल, ग्रुपवर नको, आणि ‘मला त्रास होतो’ इथून सुरू न करता ‘खरं अर्जंट असेल तर फोन करा, मी उचलेन, बाकी सकाळी पहिलं तेच करते’ असं ठरवून घे. मग ग्रुप म्यूट कर आणि शब्द पाळ, फोन आला तर उचलच.

कायद्याचं म्हणशील तर फ्रान्समध्ये 2017 पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडायच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दराने मोबदला आहे, पण मॅनेजर, सुपरवायझर पदावरच्यांना सूट दिलेली आहे, त्यामुळे अपॉइंटमेंट लेटरवर तुझं पद काय लिहिलंय ते काढून बघ. ‘एक्झिक्युटिव्ह’ असं नाव दिलं म्हणून कुणी मॅनेजर होत नाही.

आईला रागावू नकोस. तिच्या पिढीने गिरण्या बंद पडताना बघितल्यात, 1982 च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि त्यातल्या अनेकांच्या हाताला पुन्हा तसं काम मिळालंच नाही. ‘नोकरी टिकव’ हे त्या भीतीतून येतं.

प्रश्न : साकीनाक्याला माझा गाळा आहे, 14 माणसं. लेथवर एक टर्नर आहेत, वय 55, वडिलांच्या काळापासूनचे, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन घेतलं, पोरं शिकली, मामा जवळसुद्धा येत नाहीत. लेथचं काम कमी होत चाललंय. त्यांना काढायचं नाही, पण मोटिव्हेट कसं करू? इन्सेंटिव्ह पण देऊन बघितला.
— एक कारखानदार, साकीनाका

उत्तर : काढायचं नाही हे तुम्ही आधीच ठरवलंयत, त्याबद्दल मनापासून बरं वाटलं.

इन्सेंटिव्हने ते येणार नाहीत, कारण पैशांपेक्षा अडचण वेगळी आहे. ज्या पोरांना त्यांनी मायक्रोमीटर धरायला शिकवलं त्यांच्यासमोर चुकायचं कसं, हा प्रश्न आहे. तेव्हा त्यांना प्रोग्रामिंग शिकायला बसवू नका. मशीनवर नवीन जॉब, म्हणजे नवा पार्ट, लागतो तेव्हा पहिला पीस त्यांच्या हातात द्या, ‘मामा, बघा बरं’ एवढंच म्हणा. टूल कापताना आवाज बदलला की इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, गेलाय, फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, जास्त झालाय, जॉब नीट पकडला गेला नाही, हे त्यांच्या कानाला कळतं, पोरांना अजून तुकडा पडल्यावर कळतं. एका पोराबरोबर जोडी लावा, पोरगं बटणं दाबेल, मामा सांगतील कुठे थांबायचं. शिकवणं दोन्हीकडून होईल आणि कुणाला कुणासमोर मान खाली घालावी लागणार नाही. हो, आणि पहिला पीस पास करायची सही त्यांची ठेवा, रजिस्टरमध्ये, रोज.

आणखी एक, हे कदाचित तुमच्या डोक्यातही आलं नसेल. ते स्क्रीनजवळ येत नाहीत ते दिसत नाही म्हणून तर नसेल? चाळिशीनंतर जवळचं अंधुक होत जातं, पंचावन्नला तर होतंच. वर्नियरचे आकडे वर्षानुवर्षांच्या सवयीने वाचले जातात, मशीनच्या स्क्रीनवरची बारीक अक्षरं सवयीने वाचता येत नाहीत, आणि ‘मला दिसत नाही’ हे 55 वर्षांचा कारागीर चारचौघांत बोलणार नाही. एकट्या मामांना पाठवलंत तर त्यांना लागेल, म्हणून सगळ्या 14 जणांचे डोळे तपासून घ्या. पगार 21 हजारांपर्यंत असेल तर ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात, असतीलच, तिथे होईल, नाहीतर जवळच्या चष्म्याच्या दुकानदाराला एका शनिवारी गाळ्यावर बोलवा. मशीनवरची ट्यूब बदला. लांबून जॉब आणि जवळून स्क्रीन दोन्ही बघायचं असतं, तेव्हा चष्मा तसा करून घ्या, आणि त्याचे पैसे मामांच्या पगारातून कापू नका, टूलच्या खर्चात लिहा.